कातडीतली पानगळ

दीड-दोन वर्षांच्या कुत्र्याच्या कानाच्या पाळीवर किंवा पायावर एके दिवशी करवंदाएवढी गाठ दिसते. घुमटासारखी गोल, गुलाबी, वरचे केस गेलेली. घरातल्यांना आधी ती गोचीड वाटते आणि कोणी तरी चिमटा घेऊन ओढायलाही जातो. हळद लावून होते. गाठ मात्र आठ-पंधरा दिवसांत भराभर वाढते. तिचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर दाटीवाटीने बसलेल्या पेशी आणि जागोजागी चाललेले पेशीविभाजन दिसते. नवख्या माणसाने ती काच पाहिली तर तो कर्करोग म्हणून मोकळा होईल. आणि मग दोन-तीन महिन्यांत ही गाठ आपोआप नाहीशी होते. हिचे नाव हिस्टिओसायटोमा.

दुसरी गाठ उतारवयाकडे झुकलेल्या कुत्र्याच्या पोटावर किंवा मांडीवर येते. ती आज सुपारीएवढी, हात लावला की संध्याकाळपर्यंत सुजलेली आणि दोन दिवसांनी पुन्हा लहान. मालक म्हणतो, ‘ओसरली, बरं झालं.’ ही बहुधा मास्ट पेशींची गाठ असते. श्वानांच्या त्वचेवरच्या घातक गाठींत हिचा क्रमांक पहिला. मास्ट पेशींच्या पोटात हिस्टॅमिन आणि तत्सम द्रव्यांच्या कणिका भरलेल्या असतात. धक्का लागला की त्या सांडतात, आजूबाजूला पाणी साचते, मग ते उतरते.

दोन्ही गाठी लहान होतात. पहिलीत लाखो पेशी मेलेल्या असतात, दुसरीत कदाचित एकही नाही, फक्त सूज उतरलेली असते. डोळ्याला हा फरक कळत नाही आणि कुत्र्याचा जीव अनेकदा नेमका या फरकावर अवलंबून असतो. म्हणून या लेखात मी पेशी कशा मरतात आणि त्यांना मरू न देणारी प्रथिने कोणती, एवढ्याच गोष्टीचा माग काढणार आहे. मी पशुवैद्य नाही, जीवशास्त्राचा पदवीधरही नाही. गेली अठरा-एकोणीस वर्षे मिळतील ते शोधनिबंध वाचत आलो आहे, आणि एका निवृत्त विकृतिशास्त्रज्ञ बाईंनी त्यांच्या सूक्ष्मदर्शकाची दुसरी नळी माझ्यासाठी मोकळी ठेवली, हे माझे भाग्य. त्यांची शिस्त कडक होती. काच पाहताना आधी दिसते ते सांगायचे, नाव नंतर.

निरोगी त्वचेची काच त्यांनी मला सगळ्यांत आधी दाखवली, ते बरे झाले. कारण त्वचा हा अवयवच मुळात मरणावर उभा आहे. बाह्यत्वचेच्या तळाशी पेशी जन्मते, हळूहळू वर सरकते, केराटिनने भरत जाते, शेवटी केंद्रक गमावते आणि चपटी, मेलेली खपली होऊन गळून पडते. कुत्र्यात हा प्रवास साधारण तीन आठवड्यांचा. आपण कुत्र्याला विंचरतो तेव्हा ब्रशला लागणारा कोंडा म्हणजे कर्तव्य पूर्ण करून मेलेल्या पेशी. ही मेलेली भिंत नसती तर आतले पाणी टिकले नसते आणि बाहेरचे जंतू थांबले नसते. अशा अवयवात गाठ होणे म्हणजे पेशींनी फार जन्म घेणे तर आहेच, पण त्याहून अधिक, वेळेवर मरायला नकार देणे आहे. माझ्या मते सर्वसामान्य वाचकासाठी लिहिलेल्या लेखनात ‘पेशींची अनिर्बंध वाढ’ या तीन शब्दांनी कर्करोगाची ही दुसरी बाजू झाकून टाकली आहे.

पेशी मरण्याचे दोन प्रकार आहेत. पहिला म्हणजे अपघाती मृत्यू, नेक्रोसिस. रक्तपुरवठा तुटला, भाजले, विष लागले की पेशी फुगते, फुटते, तिच्यातला ऐवज बाहेर सांडतो आणि भोवती दाह पेटतो. दुसरा प्रकार शांत. जॉन केर या ऑस्ट्रेलियन विकृतिशास्त्रज्ञाला उंदरांच्या यकृतात रक्त कमी पडलेल्या भागाच्या कडेला काही पेशी फुगण्याऐवजी आक्रसताना दिसल्या. त्यांचे तुकडे पडत, प्रत्येक तुकड्याला आपापले आवरण असे, शेजारच्या पेशी ते तुकडे गिळून टाकत आणि दाहाचा मागमूस नसे. केर, अँड्र्यू वायली आणि अ‍ॅलिस्टर करी या तिघांनी १९७२ साली ‘ब्रिटिश जर्नल ऑफ कॅन्सर’मध्ये या मरणाला नाव दिले : अ‍ॅपॉप्टोसिस. शब्द सुचवला होता अ‍ॅबर्डीन विद्यापीठातले ग्रीकचे प्राध्यापक जेम्स कॉरमॅक यांनी. झाडाची पाने किंवा फुलाच्या पाकळ्या गळणे असा त्याचा अर्थ. आपल्याकडे ‘पानगळ’ हा शब्द तयार आहे. पाठ्यपुस्तकी ‘नियोजित पेशीमृत्यू’पेक्षा तो मला कितीतरी नेमका वाटतो, कारण पान गळते ते झाडाच्या सोयीने.

ही पानगळ वंशपरंपरेने ठरलेली असते, हे एका सूक्ष्म कृमीने सिद्ध केले. त्याच्या वाढीत १,०९० पेशी तयार होतात आणि त्यातल्या १३१ ठरल्या वेळी मरतात. दर कृमीत तेवढ्याच, त्याच. या कामासाठी ब्रेनर, हॉर्विट्झ आणि सल्स्टन यांना २००२ चे नोबेल मिळाले. त्वचेच्या बाबतीत १९९४ सालचा उंदरांवरचा एक प्रयोग महत्त्वाचा. कडक उन्हाने गुणसूत्रांची मोडतोड झालेल्या त्वचापेशी स्वतःहून मरतात, मात्र त्यासाठी पी-५३ हे प्रथिन शाबूत लागते. ते बिघडले तर मोडक्या गुणसूत्रांची पेशी जिवंत राहते आणि आपले बिघाड पुढच्या पिढीला देते. पांढऱ्या, विरळ केसांच्या पोटाचे डाल्मेशियन किंवा बुल टेरिअर उन्हात उताणे पडायचे शौकीन असतील तर त्यांच्या पोटावर स्क्वेमस पेशींचा कर्करोग अधिक दिसतो. माणसाच्या उन्हाच्या कर्करोगाचेच हे श्वानरूप.

आता दुसरा धागा. १९६२. इटलीत फेरुच्चो रितोसा फळमाशीच्या अळ्यांच्या लाळग्रंथी पाहत होते. त्या पेशींतली गुणसूत्रे जाडजूड असतात आणि जिथे जनुक कामाला लागते तिथे ती फुगतात. प्रयोगशाळेतल्या कोणी तरी उबवणपेटीचे तापमान वाढवून ठेवले होते. रितोसांना गुणसूत्रांवर भलत्याच जागी फुगवटे दिसले. पेटी गरम करून त्यांनी प्रयोग पुन्हा केला, पुन्हा तेच. एका नामांकित नियतकालिकाने निबंध परत पाठवला, मग तो ‘एक्स्पेरिएन्शिया’त छापून आला आणि बराच काळ कोणी फारसे लक्ष दिले नाही. ते फुगवटे कोणती प्रथिने बनवतात ते कळायला १९७४ उजाडले. त्यांना उष्माघात-प्रथिने म्हणू लागले. पुढे ध्यानात आले की उष्णतेपुरते हे मर्यादित नाही. प्राणवायू कमी पडणे, जड धातू, विषाणू, जखम, कसलाही ताण आला की पेशी हीच प्रथिने करते. म्हणून ताण-प्रथिने हे नाव अधिक योग्य. जिवाणूपासून माणसापर्यंत सगळ्यांकडे ती आहेत आणि फारशी बदललेली नाहीत. एचएसपी-२७, ७०, ९० अशी त्यांची नावे निव्वळ रेणूच्या वजनावरून पडली आहेत.

त्यांचे काम काय? प्रथिन म्हणजे एक लांब साखळी. ती नीट घडी पडली तरच कामाची. ताणाखाली घड्या उसवतात आणि उसवलेल्या साखळ्या एकमेकींना चिकटून गोळा होतो, अंड्यातला पांढरा भाग तापल्यावर होतो तसा. ताण-प्रथिने अशा साखळीला धरून ठेवतात, तिला घडी घालायला अवसर देतात, आणि घडी पडतच नसेल तर मोडीत काढायला पाठवतात. रॉन लास्की यांनी १९७८ मध्ये अशा सोबत करणाऱ्या रेणूंसाठी जो इंग्रजी शब्द वापरला, तो तरुण मुलीबरोबर समारंभाला जाणाऱ्या वडीलधाऱ्या बाईसाठीचा. आपल्याकडे नव्या नवरीबरोबर सासरी जायची ती पाठराखीण. चार दिवस राहायचे, नवरीची घडी बसली की परत फिरायचे. रेणूंचेही अगदी तसेच आहे. स्वतः अंतिम रचनेचा भाग न होता त्या बाजूला होतात.

पण ही पाठराखीण मरणाच्या वाटेतही उभी राहते. पानगळ सुरू व्हायची तेव्हा पेशीतल्या मायटोकाँड्रियातून सायटोक्रोम-सी नावाचे प्रथिन बाहेर पडते. ते दुसऱ्या एका प्रथिनाशी जुळून चाकासारखी रचना करते आणि ही रचना कॅस्पेज नावाच्या कात्र्या चालू करते. कात्र्या सुटल्या की परतीचा रस्ता नाही. २००० सालाच्या सुमारास दोन गोष्टी उघड झाल्या : एचएसपी-७० त्या चाकाची जुळणी रोखते आणि एचएसपी-२७ सायटोक्रोम-सीलाच धरून ठेवते. निरोगी पेशीत हे शहाणपणच आहे. थोड्या तापाने, थोड्या दुखापतीने पेशी मरू लागल्या तर शरीर टिकणार कसे? पंचाईत अशी की गाठीतली पेशीही कायम ताणाखाली असते. तिथे रक्तवाहिन्या अपुऱ्या, प्राणवायू कमी, आम्ल जास्त आणि बिघडलेल्या जनुकांमुळे प्रथिनांच्या घड्या वेड्यावाकड्या. ती मदतीला हाक मारते आणि पाठराखिणी धावत येतात. आपण कोणाला वाचवतो आहोत हे विचारायची त्यांच्याकडे सोय नाही.

हे नुसते रूपक नाही. ताण-प्रथिनांची जनुके चालू करणारा एक मुख्य घटक आहे, एचएसएफ-१. सुझन लिंडक्विस्ट यांच्या गटाने २००७ मध्ये हा घटक नसलेल्या उंदरांच्या त्वचेवर कर्करोगकारक रसायने लावली. नेहमीच्या उंदरांच्या मानाने त्यांना गाठी खूपच कमी झाल्या. म्हणजे ताण-प्रथिने गाठ सुरू करत नाहीत, पण त्यांच्या आधाराशिवाय गाठीला उभे राहणे जड जाते.

श्वानांच्या त्वचेकडे वळू. इटलीतच, तेरामो विद्यापीठातल्या पशुवैद्यक विकृतिशास्त्रज्ञांनी या शतकाच्या पहिल्या दशकात दोन प्रकारच्या गाठी शेजारी ठेवून ताण-प्रथिने रंगवून पाहिली. एक सौम्य, त्वचेच्या आत केराटिनचे पुरण भरलेली, आणि दुसरा स्क्वेमस पेशींचा घातक कर्करोग. निवड मोठी मार्मिक आहे. दोन्ही एकाच घराण्यातल्या पेशींच्या. पहिल्या गाठीतल्या पेशी वेळ चुकवूनही शेवटी केराटिन होऊन मरतात, दुसरीतल्या मरण्याच्या वाटेवर चढतच नाहीत. निरोगी त्वचेत एचएसपी-२७ वरच्या थरांत, पिकत आलेल्या पेशींत ठळक असते. इथे ते मरण रोखणारे नसून नीट मरायला तयार करणारे आहे असे म्हणावे लागते. तीच पाठराखीण, एका थरात वेगळे काम, दुसऱ्या थरात वेगळे. ‘अमुक प्रथिन वाढले म्हणजे वाईट’ असा सरळ हिशेब मांडणारे लेख मी त्यामुळे फार गंभीरपणे घेत नाही.

असाच घोटाळा मेलेल्या पेशींच्या मोजणीत आहे. १९९२ मध्ये इस्रायलमधल्या संशोधकांनी एक रंगपद्धत शोधली. मरणाऱ्या पेशीत डीएनएचे तुकडे पडतात, त्या तुकड्यांची टोके ही पद्धत तपकिरी रंगवते. काचेवर तपकिरी ठिपके मोजायचे, झाला मरणाचा आकडा. पहिल्यांदा मी सुद्धा ज्या काचेवर ठिपके अधिक ती गाठ सौम्य असणार, असा अंदाज बांधला. बाईंनी काही न बोलता दुसरा रंग दिलेली काच सरकवली, विभाजन पावणाऱ्या पेशींची. जिथे मरण अधिक तिथे जन्म त्याहून अधिक होते. आक्रमक गाठींत हे वारंवार आढळते. महापालिकेच्या नोंदवहीत मृत्यूची एकटी रकमी पाहून शहर वाढते की ओसरते ते सांगता येणार नाही, जन्माची शेजारी ठेवावी लागते. त्यात आणखी एक अडचण. पानगळ झालेली पेशी शेजारी काही तासांत गिळून टाकतात. म्हणजे काचेवर दिसणारे मरण हे त्या काही तासांपुरतेच. दोन टक्के पेशी मरताना दिसल्या तर दिवसभराचा आकडा त्याच्या कितीतरी पट असू शकतो.

मास्ट पेशींच्या गाठींबाबत विकृतिशास्त्रज्ञ म्हणूनच अनेक खुणा एकत्र पाहतात. १९८४ पासून तीन प्रती मानत, २०११ मध्ये नीच आणि उच्च अशा दोनच सुचवल्या गेल्या. मधली प्रत फारच ऐसपैस झाली होती, तीन विकृतिशास्त्रज्ञांची तीन मते पडत. या गाठींपैकी काहींत किट नावाच्या ग्राहक-प्रथिनाचे जनुक बिघडलेले असते. किट हे ‘जगा आणि वाढा’ असा निरोप घेणारे दार. बिघाड झाला की निरोप नसतानाही दार उघडेच. टोसेरानिब हे औषध ते दार लोटते. २००९ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली तेव्हा खास श्वानांच्या कर्करोगासाठी मंजूर झालेले ते तिथले पहिले औषध होते.

इथे आपले दोन धागे एकत्र येतात. बिघडलेले किट हे घडी सैल असलेले प्रथिन, त्याला उभे राहायला एचएसपी-९० चा टेकू सतत लागतो. मग दाराऐवजी टेकूच काढला तर? ओहायोतल्या शेरिल लंडन यांच्या गटाने एचएसपी-९० अडवणारे एक औषध कर्करोग झालेल्या २५ पाळीव कुत्र्यांना दिले. निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. सहा कुत्र्यांच्या गाठी मोजण्याइतक्या लहान झाल्या, त्यातल्या तीन मास्ट पेशींच्या. त्रास झाला तो मुख्यतः पोटाचा. पण टेकू काढताच पेशी घाबरून एचएसपी-७० वाढवते, आणि ते पुन्हा मरण अडवायला हजर. एका पाठराखिणीला घराबाहेर काढले तर दुसरी मागच्या दाराने येते. माणसांसाठीच्या अशा औषधांची कहाणीही रखडतच चालली. २०२२ मध्ये जपानने पिमिटेस्पिबला मान्यता दिली, तीही पचनमार्गातल्या अशा गाठीसाठी, जिच्या मुळाशी बहुतेक वेळा बिघडलेले किटच असते. कुत्र्याच्या कातडीतली गाठ आणि माणसाच्या जठरातली गाठ रेणूंच्या पातळीवर अशी शेजारणी निघते.

हिस्टिओसायटोमाचे काय झाले मग? ती गाठ लँगरहान्स पेशींची, म्हणजे त्वचेतल्या पहारेकऱ्यांची. काही आठवड्यांनी तिच्यात तळाकडून लसीका पेशी शिरतात. त्यातल्या मारेकरी पेशी एकेका गाठपेशीला चिकटून तिच्यातल्या त्याच कॅस्पेज कात्र्या बाहेरून सोडतात. म्हणजे इथे पानगळ आतून सुरू होत नाही, झाड हलवावे लागते. यावरून एक व्यवहाराची गोष्ट निघते. निदान न करता ‘सूज आहे’ म्हणून स्टेरॉइडचे इंजेक्शन दिले, तर हिस्टिओसायटोमात मारायला आलेल्या लसीका पेशीच दबतात, आणि मास्ट पेशींची गाठ तात्पुरती आकसून मालकाला खोटा दिलासा मिळतो. एकच सुई, दोन्हीकडे दिशाभूल. त्याऐवजी गाठीत बारीक सुई घालून चार पेशी काचेवर पसरल्या आणि रंगवल्या, तर मास्ट पेशींच्या जांभळ्या कणिका बहुतेक वेळा लगेच ओळखू येतात. ही तपासणी तालुक्याच्या गावीही होऊ शकते, फार खर्चाची नाही.

आणखी एक गाठ राहिली, आपल्या रस्त्यांवर सर्वांत ओळखीची. भटक्या कुत्र्यांच्या जननेंद्रियांवर, कधी नाकावर किंवा कातडीवर येणारी, फुलकोबीसारखी, रक्त गळणारी संसर्गजन्य गाठ. संसर्ग कसला, तर जंतूचा नव्हे, खुद्द गाठपेशींचा. समागमात किंवा चाटण्या-हुंगण्यात एका कुत्र्याच्या पेशी दुसऱ्यात जाऊन रुजतात. रशियात नोविन्स्की यांनी १८७६ मध्येच अशी गाठ एका कुत्र्यातून दुसऱ्यात लावून दाखवली होती. जगभरातल्या ५४६ गाठींची जनुके वाचून २०१९ मध्ये काढलेला अंदाज असा की या सगळ्या पेशी एकाच कुत्र्याच्या, साधारण ४,००० ते ८,५०० वर्षांपूर्वी बहुधा आशियात होऊन गेलेल्या. कुत्रे केव्हाच मातीला मिळाले, त्याच्या पेशी अजून मरायच्या आहेत. विषुववृत्ताजवळच्या गाठींत उन्हाने झालेल्या जनुकबिघाडांच्या खुणाही अधिक सापडल्या.

आणि इतक्या चिवट पेशी मरतात कशाने? अंगणातल्या सदाफुलीतून मिळणाऱ्या व्हिनक्रिस्टीनने. ते विभाजनाच्या वेळी पेशीतले दोरे जुळू देत नाही, अडकलेली पेशी अखेर पानगळीच्या वाटेला लागते. २०१८ च्या एका अभ्यासात ओसरत्या गाठींचे नमुने टप्प्याटप्प्याने तपासले. आधी यजमान कुत्र्याच्या त्वचेत दाहाचे इशारे वाजले, मागोमाग प्रतिकारपेशी आत शिरल्या, पुढे वाढ थांबली आणि शेवटी ऊतीची डागडुजी झाली. औषधाने ठिणगी टाकली, पण काम कुत्र्याच्या स्वतःच्या पेशींनी उरकले.

आठवड्याला एक, अशी चार ते सहा इंजेक्शने बहुतेकांना पुरतात. आमच्या भागात भटक्या कुत्र्यांना उपचार देणाऱ्या मुलांबरोबर मी अधूनमधून जातो. पहिल्या दोन इंजेक्शनांतच रक्त थांबते, गाठ निम्मी होते आणि वाडीतले लोक ‘बरं झालं की आता’ म्हणतात. आत उरलेल्या पेशी डोळ्यांना दिसत नाहीत. त्यामुळे मुलांची खरी खटपट तिसऱ्या आठवड्यात सुरू होते, कारण तोवर कुत्र्याने गाडीचा आवाज ओळखलेला असतो.